गोबरगॅसची टाकी आणि तीनचा चहा
अंबडहून लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा घरात दोघांचाच शब्द चाले: एक मामंजींचा, दुसरा गोबरगॅसच्या टाकीचा. शेणकाल्यात पालथी घातलेली ती भलीमोठी लोखंडी टाकी गॅस साठला की वर यायची, जाळला की खाली बसायची. मामंजींनी तिच्यावर पांढऱ्या रंगाने आडव्या पट्ट्या ओढल्या होत्या. सकाळच्या स्वयंपाकाला दोन, रात्रीच्याला दोन. दुपारच्या चहाला पट्टीच नव्हती.

मला तीनला चहा लागतो. नाही मिळाला तर मी माणसात नसते. सासूबाईंचंही तेच, फक्त इतकी वर्षं त्या बोलल्या नव्हत्या. मग आम्ही दोघी गुपचूप चहा करू लागलो, कपबशी वाजू न देता. मामंजींना कळलं असतं तर चहा बंद. आणि ते संध्याकाळी टाकीपाशी उभे राहून हमखास विचारायचे, "पट्टी खाली कशी गेल्ती?"

तोड सासूबाईंनीच काढली. गॅसला जोर यावा म्हणून टाकीवर दगड ठेवलेले असत. ओझं कमी झालं की टाकी थोडी वर यायची. रोज चहा झाला की आम्ही एक दगड उतरवायचो. आठवड्यात टाकी बोडकी झाली.

"जनावरं बराबर शेण देऊन राह्यले," मामंजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले.

त्याच रविवारी पाहुणे जेवायला आले. पाहुण्यारावळ्यांसाठी राखून ठेवलेला सिलिंडर नेमका संपलेला, आणि टाकीचा गॅस नुसता मिणमिणत होता. भाकरी काही फुगेना. मामंजी मागे गेले, टाकी पाहिली आणि धोतर सावरून तिच्यावर चढून बसले. शेगडी भडकली. एक पाहुणा हात धुवायला मागे आला, तर मामंजींनी वरूनच त्याला सोयाबीनचा भाव विचारला. मी तोंडात पदर कोंबून भाकरी थापत होते.

पाहुणे गेल्यावर मात्र मला फार लाज वाटली. सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मामंजी, दगड मीच उतरवले. दुपारी आम्ही दोघी चहा पितो."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "मी ओसरीवरच बसेल असतो न्हं. रोज वास येतो. म्हणलं, आज तरी हाक मारतील."