दार असलेली खोली

घरात गवंडी शिरला की धूळ चार दिवसांत बसते, किस्से मात्र रोज नवे उडतात. गोरेगावच्या आमच्या घरात तर नुसता धुरळा!

ते घर बाबांनी स्वातंत्र्यानंतरच्या नव्या फॅशनने बांधलेलं. सपाट गच्ची, मोझॅकची फरशी, मोठ्ठ्या खिडक्या आणि आत एकही भिंत नाही. सगळा एकच हॉल. आतलं दार फक्त बाथरूमला! वहिनी पहिल्या बाळंतपणाला मुलुंडला माहेरी गेली आणि बारशानंतर निरोप आला, "दार असलेली खोली झाल्याशिवाय मी बाळाला घेऊन येणार नाही."

दादाने दाढी करणं सोडलं.

*

बाबा म्हणाले, "भिंत घालायची नाही. घरात हवा खेळली पाहिजे."

आई म्हणाली, "हवा खेळते हो. नातू कुठे खेळणार?"

बाबांनी खिडकीजवळच्या आरामखुर्चीचे हात घट्ट धरले. "ही हलणार नाही!"

*

दादाची पार वाट लागलेली. म्हणून मी फिल्म स्टुडिओतल्या मित्राकडून सेटची प्लायवूडची भिंत उसनी आणली. दारासकट! एकदम झकास.

नेमके त्याच दिवशी वहिनीचे वडील पाहणीला आले. भिंत जेलची होती.

त्यांनी गजांना हात लावून पाहिला आणि थंडपणे विचारलं, "आत मुलगी राहणार की जावई?"

*

मग खरा मिस्त्री आला. बाबांच्या अटीप्रमाणे आरामखुर्ची आत ठेवूनच भिंत चढली. दारापुरती जागा सोडली, तर आई आडवी आली.

"चौकटीचा मुहूर्त उद्या. तोवर असं भगदाड नको, अशुभ असतं."

"अगं, दार म्हणजे भगदाडच असतं ना!" दादा ओरडला.

मिस्त्रीने दुपारी तिथेही सिमेंटशिवाय नुसत्या विटा रचून टाकल्या.

*

संध्याकाळी दारात टॅक्सी. उद्या दार बसल्यावर यायची ती वहिनी बाळाला घेऊन एक दिवस आधीच हजर!

तिने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "दार?"

"उद्या," दादा म्हणाला.

"भावजी, टॅक्सी थांबवा!"

मी धावणार, तेवढ्यात भिंतीच्या आतून खोकला आला.

आईने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब झोपले होते. दुपारी उठवायचं नाही असं तुम्हीच बोललात ना, बाई?"

बाळ रडायला लागलं. आतला खोकला थांबला. मग एक वीट हलली आणि धपकन बाहेर पडली. मग दुसरी. भोकातून बाबांचा चष्मा दिसला.

"बघू, बघू माझा नातू!"

वहिनीने बाळाला खांद्यावर घेतलं आणि ती म्हणाली, "बाबा, भोक खालपर्यंत येऊ द्या. मी वाकून आत येणार नाही."