हौसाक्का काही विसरल्या नव्हत्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — जाऊ दे. कारणं द्यायला लागले की मी स्वतःचीच बाजू घेते.

मी मनोविकारतज्ज्ञ. कोल्हापुरात माझं नाव झालं ते हौसाक्कांमुळे. दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून फेसाळ पेला हातात देणारी ही सत्तरीची बाई नवरा गेल्यावर गप्प झाली. जेवण सुटलं, झोप उडाली, म्हशींची वैरण राहून जायला लागली. मुलगा संभाजी त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मी विचारत गेले, उत्तरं संभाजीच देत गेला. आपल्याकडे असंच असतं ना — म्हातारं माणूस खुर्चीत, बोलणार घरचे? त्यांना थेट विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "न्हाय ठावं."

विशीतली पोरगी अशी बसली असती तर मी डोळे झाकून नैराश्य म्हटलं असतं. स्मृतिभ्रंशातलं माणूस बहुतेक वेळा काहीतरी उत्तर ठोकून देतं, चुकलं तरी. नैराश्यातलं माणूस 'माहीत नाही' म्हणून मिटून जातं. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते! पण समोर पांढरे केस होते. मी स्मृतिभ्रंश सांगून मोकळी झाले. वर म्हणाले, "आता हे वाढतच जाणार."

आईला लाथ बसेल, ती दावं सोडायला विसरेल, या भीतीने संभाजीने म्हशी विकल्या. शेवटची म्हैस, चंद्री, बिद्री गावच्या माणसाकडे गेली.

पुढच्या खेपेला त्याला फोन आला, तो बाहेर गेला, आणि हौसाक्का बोलल्या. चंद्रीला कुणी नेलं, टेम्पो कुठल्या रंगाचा, कासरा कुणी सोडला, ती मागं वळून कशी बघत होती — सगळं जसंच्या तसं. हिचं काय हरवलंय? काहीच नाही! मी औषध बदललं, नैराश्याचं सुरू केलं. संभाजीला म्हटलं, "जरा नवीन गोळी देते. आणि ती म्हैस परत आणा." माझी चूक झाली, एवढं मात्र घशातच राहिलं.

आणि काय उठली म्हणून सांगू ती बाई! दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवतात. शिंगांना रंग, कपाळाला मोरपिसं, आणि मालकाच्या हाकेला म्हैस धावत आली पाहिजे. हौसाक्कांनी हाक दिली, "चंद्रेऽऽ!" चंद्री गर्दीतून वाट काढत सुसाट आली. हलगी कडाडली. मी रडले — आनंदानेच, खरंच.

मग संभाजीने मला फेटा बांधला आणि माईकवर ओरडला, "आईचा इसरायचा आजार ह्या मॅडमनी बरा केला!" टाळ्यांचा कडकडाट झाला. हौसाक्का माझ्याकडे बघत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला कवा इसरायला झालतं? मला कुणी इचारलंच न्हाय की."

आणि मी — हातात माईक घेऊन, हसत — म्हणाले, "बघा, विसरत होत्या हेसुद्धा विसरल्या!"

सगळे हसले. संभाजी सर्वांत मोठ्याने. हौसाक्का चंद्रीची मान खाजवत राहिल्या.

हेच ते. चुकीचं निदान कुणाचंही होतं. पण खरं बोलणाऱ्या बाईला मी भर चौकात वेडं ठरवलं, डोक्यावर तिच्याच घरचा फेटा बांधून. अजून गडहिंग्लजहून लोक स्मृती हरवलेले आईबाप घेऊन येतात — हौसाक्कांची गोळी द्या म्हणतात. त्यांनाही मी खरं सांगितलेलं नाही.

हौसाक्का आजही कट्ट्यावर आहेत, आवाज पार रस्त्यापलीकडे ऐकू येतो. मी दिसले की पेला पुढे करतात.

"घ्या मॅडम. बिनसाखरंचं. हाय ध्येनात."

मी पेला घेते. खाली मान घालून पिते.