खांद्यामागची पंजाएवढी जागा

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, पोरी! माझा मुलगा मानत नाही, सून मानत नाही, तू कोण लागून गेलीस? पण शेजारच्या योसेफच्या गॅरेजात दर रविवारी शिकारी जमतात ना, तिथं किस्से नुसते साचत जातात. मी थर्मासभर चहा घेऊन जाते. आमचे हे फॉरेस्ट गार्ड. जन्मभर शिकारी पकडले. आणि त्यांची बायको इथं जर्मनीत, रेगेन्सबर्गजवळच्या खेड्यात शिकाऱ्यांना चहा पाजते! फोटोसमोर रोज कान पकडते मी. पण काय करू, त्या गॅरेजात ओल्या पानांचा वास येतो. ह्यांच्या शर्टाला यायचा तो. हे जाऊन चार वर्षं झाली. मला एकदा, एकदाच, जंगलात जाऊन बसायचं होतं. मुलगा म्हणे, "आई, थंडी आहे." योसेफ म्हणे, "नाईन, नाही. तुम्ही फार बोलता!"

*

योसेफनं गॅरेजच्या दारावर खडूनं हरीण काढलं होतं. टोबियास म्हणून नवा शिकारी आलेला, मुलाच्या ऑफिसातला इंजिनीअर. गोळी कुठं मारशील विचारलं, तर म्हणाला, "डोक्यात!"

योसेफ भडकला. "डोकं हलतं! जबडा फुटला तर उपाशी मरेल ते, दिवसेंदिवस!"

माझी नात सगळं मराठीत सांगत होती. मी उठले, कपाळावरची टिकली काढली आणि हरणाच्या पुढच्या पायामागं, खांद्यापाशी चिकटवली.

योसेफ चष्मा लावून जवळ गेला. "गेनाऊ! अगदी बरोबर! हृदय, फुप्फुस! ओमा, कुणी शिकवलं?" आजीला ओमा म्हणतात इथं.

काय सांगू? पोटात गोळी लागलेलं हरीण सापडलं, की हे त्या दिवशी जेवायचे नाहीत. ताट झाकून मीपण बसायची. म्हटलं, "अंदाजानं!"

*

योसेफ शिशाच्या गोळीवर अडून बसलेला. आजोबांपासूनची म्हणे! ती मांसात फुटते, बारीक कण पसरतात. टाकलेली आतडी गरुडानं खाल्ली, की तोही त्या विषानं जातो. टोबियासनं तांब्याची आणली. "ही फुटत नाही, नुसती उमलते." झालं, भांडण पेटलं! शेवटी मला विचारलं. मी चौथी पास!

म्हटलं, "आमच्या देवाला तांबं चालतं. शिसं दाखवा, उठून जाईल!"

नातीनं जर्मनमध्ये काय सांगितलं कुणास ठाऊक, पण पुढच्या रविवारी योसेफकडं तांब्याच्या गोळ्या! वापरलेली एक मला दिली, चांगली चार पाकळ्यांची. मी देवघरात ठेवली.

सून किंचाळली, "अहो आई, हे काय?"

"जर्मन फूल. पाणी घालावं लागत नाही!"

*

मग योसेफनं अट घातली, एक रविवार गॅरेजात पोचेपर्यंत गप्प राहून दाखवा, नेतो. राहिले की! सकाळपासून एक शब्द नाही. दुपारी मुलगा घाबरला, आईची वाचा गेली! हॉस्पिटलला न्यायला गाडी काढली. मी शहाण्यासारखी बसले, बेल्ट लावला. गाडी योसेफच्या फाटकासमोर आली तेव्हा तोंड उघडलं.

"थांब. मला इथंच उतरायचंय!"

*

गेल्या सप्टेंबरात, ऊन उतरताना, योसेफच्या लाकडी मचाणावर बसलो दोघं. नर आला. तोंड आमच्याकडं. योसेफ थांबला. हरीण चरत राहिलं, योसेफ थांबूनच. वळून बाजू आमच्याकडं केली तेव्हा बार. चाळीसेक पावलं धावलं आणि गवतात बसलं. मी उठायला गेले तर योसेफनं बाही धरली. दहा मिनिटं हलायचं नाही. त्याला शांतपणे जाऊ द्यायचं.

खाली उतरलो. रक्त फिकट, फेसाचं. फुप्फुसातलं. बरोबर लागलं होतं. योसेफनं टोपी काढली, ओकची डहाळी मोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली. "लेट्झ्टर बिस्सन," म्हणाला. शेवटचा घास. एवढं जर्मन येतं मला.

मी म्हटलं, "आमच्यात तुळशीचं पान ठेवतात." मराठीतच म्हटलं. "आमचे हे गेले तेव्हा मी इथं होते. विमानानं पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं."

नात नव्हती सांगायला. योसेफनं माझ्याकडं बघितलं, दुसरी डहाळी मोडली, माझ्या हातात दिली आणि पाठ करून उभा राहिला.

मी गवतात बसले. एक पान खुडलं, हरणाच्या तोंडात ठेवलं.

"अहो," म्हटलं, "उशीर झाला मला."

काय बघतेस, पोरी? जा आता. नीघ म्हटलं ना!