पेटा कुणाच्या ताटात

आमचे दाजी मुरुंगा म्हणजे बुंगोमा गावातले ताठ मानेचे गृहस्थ. साखर कारखान्याचा ट्रॅक्टर चालवतात, पण त्यावर बसतात असे की जणू कारखानाच त्यांचा. लेकीला, नेलिमाला, बोर्डिंगात घातलं त्या दिवशी पत्र्याची ट्रंक फाटकाशी ठेवून मुख्याध्यापिकेला म्हणाले, "आजपासून पोरगी तुमची. मारा, झोडा, मी विचारायला येणार नाही." आणि खरंच कधी फिरकले नाहीत. भेटीच्या दिवशी मी नि माझी बहीण नासांबूच जायचो.

"माझा बाप आला होता का कधी माझ्या शाळेत?" हे त्यांचं ठरलेलं. "दिली म्हणजे दिली. सारखं डोकावणं म्हणजे मास्तरांवर अविश्वास." आता खोटं कशाला बोलू, आमच्या वेळी तसंच होतं. पालकाला फाटकाच्या आत कुणी घेतच नव्हतं.

पण वारं फिरलं. आता पालकांचा फोनवर ग्रुप आहे, घेवड्याची आमटी पातळ झाली तरी तिथं बोंब. नव्या मुख्याध्यापिकेनं तर निरोपच धाडला, या वेळी वडिलांनी जातीनं यायचं. दाजींनी ठेवणीतला कोट काढला.

"बघच तू," गाडीत मला म्हणाले, "आज चारचौघांत पेटा माझ्या ताटात पडतो की नाही."

"दाजी, आधी पोरीची इयत्ता सांगा बघू."

"गप गं!"

आमच्यात कोंबडीचा पेटा, तो दाणे दळणारा घट्ट गोळा, घरच्या बापाचा. दुसऱ्यानं खाल्ला तर पुरुष जेवणावरून उठून जातात. कोंबडी मीच शिजवली होती, आणि पेटा मुद्दाम वर काढून ठेवला होता.

मैदानात सगळ्यांनी चटया टाकल्या होत्या. नेलिमा आली ती मेट्रन वाकेशोबाईंचा हात धरून. बाई दूर किनाऱ्याकडच्या डोंगरातल्या, अंगानं भरलेल्या, हसऱ्या. नको नको म्हणत असताना पोरीनं त्यांना आमच्यात बसवलं. मग वाढायला घेतलं, आधी मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, मग कोंबडी. पेटा उचलला आणि सरळ बाईंच्या ताटात घातला.

"अगं, चुकलीस! बाबांना वाढ," नासांबू कुजबुजली.

"नाही चुकले, आई. टायफॉइडमध्ये माझ्या उशाशी ह्याच होत्या."

बाईंना बिचाऱ्यांना आमची रीत काय ठाऊक! त्यांनी तो खाल्लादेखील. वर मला म्हणाल्या, "छान शिजलाय हो!" शेजारच्या चटईवरचे लोक वळून बघायला लागले. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दाजींनी घास खाली ठेवला. "त्या वेळी मला शाळेनं कळवलंच नाही," ते मोठ्यानं म्हणाले. घरी तर वर्षभर हेच ऐकवत होते. पोर सुट्टीला हाडांचा सापळा होऊन आली तेव्हा आम्ही दोघींनीही शाळेला पोटभर शिव्या घातल्या होत्या.

बाई गोंधळल्या. "असं कसं? फोन मीच केला होता की. 'शाळा बघून घेईल, मला नका त्रास देऊ' म्हणालात आणि ठेवलात. मला वाटलं, कामात असाल."

त्यांच्या आवाजात रागाचा टिपूससुद्धा नव्हता. नासांबू नवऱ्याकडे बघत राहिली. मला तेच जास्त झोंबलं.

"म्हणालो होतो," दाजी खाली बघत म्हणाले. "खरं आहे. लाज वाटते मला." एवढा धिप्पाड माणूस, पण पोरीसमोर मान वर होईना. टोमणे मारायची सवय माझी, पण त्या दिवशी मलाच त्यांची कीव आली.

घंटा झाली. बाई उठून पलीकडे दुसऱ्या मुलींकडे गेल्या. दाजी कोट सारखा करत उभे राहिले आणि आमच्यात कुठल्या बापानं कधी विचारलं नसेल ते त्यांनी लेकीला विचारलं.

"पुढच्या भेटीला येऊ का गं मी?"

नेलिमानं पलीकडे बाईंकडे नजर टाकली. टोचून नाही हो, अगदी सरळपणानं म्हणाली,

"मेट्रनबाईंना विचारून सांगते."