वाजतंय अजून

आमची आत्या थेटरात शेवटचं नाव पडद्यावरून सरकेपर्यंत खुर्ची सोडत नसे, आणि आम्हालाही सोडू देत नसे. दिवे लागत, झाडूवाली येई, आणि कुणी उठलं की आत्या हात धरून खाली ओढे. "बसा! वाजतंय अजून." शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेली बाई; हट्टात कुणाला हार जाणार नाही.

मी श्रीनिवासशी लग्न करायचं म्हटलं तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. "तेलुगू घर. त्यांची बोली आपल्याला कळत नाही," एवढंच. अहो, जन्म इथे तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीत गेलेला, सुलतान बाजारात तेलुगूत घासाघीस करून दुकानदाराला रडकुंडीला आणणारा हा माणूस! आत्या म्हणाली, "थांब गं. याचा नन्नाचा पाढा मी बंद करते."

एका रविवारी तिने बाबांना आणि मला नारायणगुड्याला तेलुगू सिनेमाला नेलं. पोस्टर बघून मीच कपाळाला हात लावला. हिरो-हिरॉईन आंब्याच्या झाडावर आणि खाली काठी घेऊन सासरा! "नक्को अक्का, मी घरी जातो," बाबा म्हणाले. "तिकिटं काढलीत. गुमान चल."

पण काय सांगू, सिनेमा इतका लोभस निघाला! होणाऱ्या जावयाला पळवून लावायला सासरा रोज कारल्याचा रस पाजतो, आणि ते पोरगं हसत हसत पितं. बाबा आधी हाताची घडी घालून बसले होते. मग सगळ्या थेटराच्या आधी हसायला लागले. म्हणजे बोली चांगली कळत होती!

शेवटी लेक सासरी जाते. दिवे लागले तसे बाबा लगबगीने उठले. आत्याने हात धरला. "बस. वाजतंय अजून." पडद्यावर नावं सरकत होती आणि मागे नुसती सनई, सिनेमाभर नाचवणारी तीच चाल, पण सावकाश. बाबा बसले आणि रुमालात तोंड खुपसून रडले. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी जेवायला बोलाव त्याला. कारली मी आणतो."

माझी मंगलाष्टकं आत्याने त्याच चालीवर रचली. भटजींनी नाक मुरडलं. तिने पेटी पुढे ओढली आणि गायलीच.

यंदा आत्या गेली. फार आठवण येते तिची. परवा बाबा, श्रीनिवास आणि मी सिनेमाला गेलो होतो. सिनेमा अगदीच टुकार. दिवे लागताच श्रीनिवास उठला, तर बाबांनी त्याचा हात धरून खाली ओढलं.

"कूर्चोंडी, जावईबापू," ते चक्क तेलुगूत म्हणाले. "बसा. वाजतंय अजून."