आता तू पण थोडी कर

मंडईच्या तोंडाशी परवा उकडलेले शिंगाडे दिसले. काळेभोर, दोन शिंगांचे, ओल्या गोणपाटावर रचलेले, आणि त्यांना तळ्यातल्या चिखलाचा तो किंचित गोडसर वास. घरी आणून सोलायला बसले तर बोटं काळी झाली आणि अंगठ्यात टोक रुतलं. शिंगाडा कसा सोलायचा हे मला ज्या मुलीनं शिकवलं, तिच्याशी मी सातवीत भांडले होते. शाळेत काय, सगळेच भांडतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरतात. आमचं भांडण मात्र तसंच राहून गेलं, आणि ते राहिलं ते माझ्यामुळे.

कोळशाच्या इंजिनांचे दिवस होते. सहावीच्या मध्यावर वडिलांची बदली भुसावळहून झाशीला झाली आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. वर्कशॉपच्या भोंग्यावर घरातली कामं चालत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे आणि आई ती झटकता झटकता सगळ्या गावाला नावं ठेवी. शाळेत जिकडेतिकडे हिंदी, नाहीतर बुंदेली. पहिले आठ दिवस मी तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या कानाशी हळूच म्हणालं, "तू मराठी आहेस ना? मी पण." त्या चार शब्दांनी मला केवढा धीर आला होता, ते आज आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

तिचं घर बडा बाजारच्या मागच्या गल्लीत. तिचे पूर्वज फार मागे कधीतरी कारकून म्हणून झाशीजवळच्या गुरसराय संस्थानात आले आणि इकडचेच होऊन गेले; महाराष्ट्र तिनं नकाशात पाहिला होता तेवढाच. तिचं मराठी ही एक गंमतच होती. अर्धं हिंदी, आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या घरातून केव्हाच हद्दपार झालेले शब्द. सकाळी आम्ही नाश्ता करायचो, ती न्याहारी करायची. आम्ही बाथरूममध्ये जायचो, ती न्हाणीत. आणि तरी शुद्ध आम्ही, अशुद्ध ती! हा हिशेब उलटा आहे असं तेव्हा मला कधी वाटलं नाही. शाळा सुटली की ती मला बाजारातून हिंडवी. शिंगाड्याचं टोक दातानं मोडून, साल ओढून, पहिला पांढरा गर ती नेहमी माझ्या हातावर ठेवी.

पुढच्या गणपतीत रेल्वेतल्या मराठी मंडळींनी मुलांचं नाटक बसवलं. हट्टानं मीच तिला त्यात घेतलं होतं. तालमीत तिला वाक्य आठवेना. ओशाळून ती म्हणाली, "मी कोशिश करते, पण भूलून जाते." कॉलनीतल्या मुली फिस्सकन हसल्या. त्या मुलींनी मला आपल्यात घ्यावं म्हणून मी किती दिवस झुरत होते! मी उठले आणि तिच्याच सुरात, मान वाकडी करून, ते वाक्य म्हणून दाखवलं. मग पुन्हा एकदा. हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली. ती पण हसली, पण तिचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून तिचं नावच 'कोशिश' पडलं. नाटक तिनं सोडलं. नाव मात्र चिकटलं, आणि ते ठेवणारी मी होते.

मी तिला टाळू लागले. चूक आपली असली की माणूस समोरच्यावरच रुसतो, तशातली गत. ती मात्र मागे हटेना. माझी जागा धरून ठेवी. सोललेले शिंगाडे डब्यात आणी आणि मी ते न खाता परत करी. एकदा तर एकटीच पार कॉलनीपर्यंत चालत आली, तेव्हा मी आईकरवी घरी नसल्याचा निरोप दिला. दिवाळीनंतर एक दिवस माझ्या वहीत चिठ्ठी निघाली. वळणदार अक्षरात दोनच वाक्यं होती: "आपल्या मैत्रीची मी खूप चेष्टा केली. आता तू पण थोडी कर."

माझं डोकंच फिरलं. मैत्रीची चेष्टा केली, आणि वर लिहून कळवते? व्हरांड्यात सगळ्यांदेखत मी चिठ्ठीचे तुकडे केले आणि तिच्या ओंजळीत टाकले. ती तुकड्यांकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "ह्यात तर मी कोशिश नाही लिहिली."

तेही मला टोमण्यासारखंच वाटलं. त्यानंतर ती माझ्याशी मराठीत कधी बोलली नाही. काम पडलंच तर हिंदीत बोले, आणि 'आप' म्हणून. "आप अपनी कॉपी ले लीजिए." वर्गात इतर कुणालाही ती आप म्हणत नसे.

आठवीत हिंदीच्या बहनजींनी फळ्यावर समानार्थी शब्द लिहून दिले. कोशिश, प्रयास, प्रयत्न, चेष्टा. शेवटचा शब्द उतरवताना माझा हात थांबला. कोशिशला हसले म्हणून बिचारीनं मला हसू येणार नाही असा, तिच्या मते शुद्ध, भारदस्त शब्द शोधून आणला होता. मी वळून पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, वर्षभरात पहिल्यांदा. उठून दोन बाकं ओलांडायची होती, बस. मी मान खाली घातली आणि फळ्यावरची पुढची ओळ उतरवून घेतली.

उद्या बोलू, परीक्षा झाल्यावर बोलू, असं करत आणखी दोन वर्षं आम्ही एका वर्गात काढली, आणि मग आमची पुन्हा बदली झाली. तिचं मराठी पुढे टिकलं का, मुलाबाळांना तिनं न्याहारी हा शब्द दिला का, मला ठाऊक नाही. की माझ्यापाशीच तिनं तो विषय संपवला? ह्या विचाराचीच मला जास्त भीती वाटते.

शिंगाडे सोलून झाल्यावर काळ्या बोटांनीच मी कागद पुढे ओढला. ती गल्ली अजून असेल, पत्र कदाचित पोचेलही. तिच्यासाठी तिच्याच मराठीत लिहिलं, "मी तुझ्याशी बोलायची खूप कोशिश केली." वाचून पाहिलं. ते खरं नव्हतं. खोडून टाकलं.