सुदाम मिस्त्री आणि लाल गाडीचा श्वास

सुदाम मिस्त्रीला बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कप हातात घेऊन तो माझ्या दुकानाच्या दारात उभा राहायचा आणि रस्त्यावरून गाडी गेली की अर्धा चहा तिथंच ठेवून तिच्यामागं चालू लागायचा. अनोळखी माणसाची गाडी थांबवायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "ही खोकून राह्यली. तुम्हाला ऐकू येत न्हाई का?" कुणी शिव्या द्यायचे, कुणी हसायचे. शिव्या देणारेही आठ दिवसांनी गाडी घेऊन यायचेच.

जालन्यात मंठ्याच्या रस्त्याला आमची दुकानं शेजारी शेजारी होती. त्याचं गॅरेज, माझं सीट कव्हरचं दुकान. माझे यजमान वारले तेव्हा रेक्झिन शिवायचं त्यांचं मशीन मी चालवायला घेतलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण माप चुकत नव्हतं. गाडी दुरुस्तीला लागली की तिचा माणूस माझ्याकडं येऊन टेकायचा आणि बसल्या बसल्या कव्हर शिवायला टाकायचा. माझं निम्मं काम सुदामच्या जिवावर चालायचं. हे आधीच सांगून ठेवते, पुढं ते लागणार आहे.

तो तिशी ओलांडलेला, काटक, एका जागी न ठरणारा. लग्न केलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "घर केलं की बसावं लागतं, अक्का." जालनाही त्याला पुरत नव्हतं. "ट्रॅक्टर अन् जीप. दुसरं काय येऊन राह्यलं इथं? मला पळणारी गाडी पायजे," असं दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा.

नव्वद सालानंतर केव्हातरी तशी गाडी आली. बियाण्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, राजूशेठ, त्यानं मुंबईहून जुनी लाल गाडी आणली होती. दोन दारांची, बुटकी, शर्यतीच्या गाडीसारखी. दिसायला झकास, पण आवाज शिवणाच्या मशीनसारखा. राजूशेठला तिचा आवाज घुमायला हवा होता आणि वेगही वाढायला हवा होता. सुदामनं बॉनेट उघडलं, तासभर आत डोकं घालून राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हिचं नाक दाबून ठेवलंय. मोकळं श्वास घेऊ दे, मंग पाहा."

गाडीला हवा जायची ती एका काळ्या डब्यातून, अरुंद वाकड्या नळीनं, आणि तीही इंजिनावरची तापलेली हवा. सुदामनं तो डबा काढून टाकला. विहिरीवरच्या मोटारीचा रुंद प्लास्टिकचा पाइप आणला, त्यात वाळू भरली, जाळावर फिरवून फिरवून तापवला आणि गुडघ्यावर दाबून वाकवला. वाळूमुळं पाइप वळणावर चेपत नाही. चार पाइप वाया गेले, पाचवा जमला. त्याचं तोंड त्यानं पुढच्या जाळीमागं, गार हवा येते तिथं खाली नेलं. मला म्हणाला, "आता हवा गाळायला कापड पायजे. कागद नको, कागदानं दम कोंडतो."

चक्का बांधायचं मलमल मी दुहेरी घेतलं आणि तारेच्या जाळीवर चुण्या घालून शिवलं. सुदामनं ते तेलात बुडवून पिळलं. धूळ तेलाला चिकटते आणि स्वच्छ हवा आत जाते, असं त्यानं मला समजावलं. ते मला समजावायची गरज नव्हती. मशीनला तेल दिलं की त्याच्या पोटात कापडाची रुई जाऊन बसते आणि लगदा होतो. दर दोन दिवसांनी सुईनं मी तो काढत होते. दिवाळी झाली होती. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंगच्या गिरणीकडं चालल्या होत्या. उडत्या रुईनं बाभळी पांढऱ्या झाल्या होत्या. तेलकट कापडाचं पुढं काय होणार ते मला दिसत होतं. मी बोलले नाही.

न बोलण्याचं कारण होतं. राजूशेठच्या ओळखीचे एक साहेब पुण्यात शर्यतीच्या गाड्या तयार करायचे. त्यांनी निरोप पाठवला होता, मी येतो, गाडी चालवून पाहतो, काम पटलं तर मिस्त्रीला सोबत नेतो. सुदामला रात्रीची झोप लागत नव्हती. पाचवा पाइप असताना सहावा बनवत होता. "अक्का, या बारीला गेलो म्हणून समज," म्हणायचा. आणि मी समजतच होते. तो गेला की शेजारचं शटर बंद, आणि माझं निम्मं दुकानही.

साहेब आले. राजूशेठ म्हणाला, "अक्का, हिची सीट कव्हरं तुम्हीच शिवलीत, तुम्ही पण चला." मागच्या सीटवर मी आणि सुदाम गुडघे पोटाशी घेऊन बसलो. साहेबांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. मला गाड्यांचं कौतुक नाही, पण तो आवाज पोटात जाणवला. आधी खोल घुमला, मग मोकळा सुटला. साहेब मान हलवून हसले. सुदाम माझ्या कानाशी कुजबुजला, "ऐकलं का? बोलून राह्यली!" त्याचा गुडघा सारखा हलत होता.

मग पुढं कापसाचे टेंपो लागले. एकामागं एक सहा-सात, उघडे, वरून कापूस उडतोय. रस्ता अरुंद, पुढं जायला जागा नाही. थोड्याच वेळात गाडीचा आवाज बसला, ती आचके देऊ लागली आणि जिनिंगच्या अलीकडं बंद पडली. सुदामनं बॉनेट उघडलं. माझं मलमल दिसतच नव्हतं. त्याच्यावर गादीत भरावी तशी रुई थापली होती.

साहेब शांतपणे म्हणाले, "आवाज उत्तम आहे. पण ज्या गावात बसून गाडी बनवतोस, त्या गावची हवा तुला ठाऊक नाही?"

सुदाम बोटांनी रुई उपटत राहिला. साहेब त्याच संध्याकाळी एकटे परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजात गेले. "सुदाम, तेलाला रुई धरते हे मला ठाऊक होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू गेला असतास तर माझं काम गेलं असतं."

तो पाना उचलून जीपखाली शिरला. त्यानंतर महिनाभर माझ्या दारात चहा प्यायला आला नाही. सीट कव्हरचं कुणी विचारलं की त्याला गावातल्या मस्तगड भागातल्या दुकानाचा पत्ता सांगायचा. मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचा. बरोबरच होतं.

एक दिवस तो आला. हातात मच्छरदाणीची जाळी होती. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गाळणीला वरून याचं टोपडं पायजे. तेल न लावलेलं. रुई याच्यावर थांबंल, झटकली की निघंल. शिवतीस का?"

काठाला इलास्टिक घालून मी शिवलं. चार दिवस तो राजूशेठची गाडी घेऊन कापसाच्या टेंपोंच्या मागं मागंच हिंडला. गाडी एकदाही अडली नाही. पाचव्या दिवशी पिशवीत कपडे, सहावा पाइप आणि नवी गाळणी घेऊन तो माझ्या दारात उभा होता. पुण्याहून बोलावणं आलं नव्हतं. साहेबांच्या दारात जाऊन उभा राहणार होता. पिशवीतून टोपडं काढून त्यानं माझ्यापुढं धरलं.

"अक्का, आणखी काही ठाऊक असंल तर आत्ताच सांग. तिथं सांगायला तू न्हाईस."

मी ते हातात घेऊन पाहिलं. "इंजिनाच्या गरमीनं हे इलास्टिक ढिलं पडंल. नाडी पायजे."

"मंग घाल की! जल्दी, माझी एसटी जाईल."

मी इलास्टिक उसवलं, नाडी ओवली, टोकाला गाठ मारली. त्यानं ती ओढून पाहिली, टोपडं पिशवीत टाकलं आणि निघाला. साहेबांनी त्याला ठेवून घेतलं, असं पुढं राजूशेठकडून कळलं. तो परत आला नाही. गॅरेजात सिमेंटची पोती आली आणि माझं काम निम्म्यावर आलं, जसं मला वाटलं होतं तसंच.

अजून थोडंफार शिवते. गिऱ्हाइकानं चकचकीत रेक्झिन पसंत केलं की आधी सांगते, हे दोन उन्हाळ्यांत तडकेल. काहीजण उठून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देते.